फोन वडिलांकडे, वडील यंत्रमागावर: मग वर्गातला निरोप घरी पोचवायचा कसा?

तिसरीच्या बाई, सोलापूर

मला सल्ला हवाय, आणि थोडं मन मोकळंही करायचंय.

मी अक्कलकोट रोडच्या बाजूला एका मराठी प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात ३८ मुलं आहेत. एप्रिल लागला, ऊन चाळिशीच्या पुढे गेलं आणि शाळा सकाळची झाली. सातला भरते, सव्वाअकराला सुटते. मुलं घरी गेल्यावर हे ठरलं, म्हणून मी रात्री नऊला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला. ठळक अक्षरांत टाकला, दोनदा टाकला. सव्वीस जणांनी वाचल्याची खूणही दिसली. मला वाटलं, झालं आपलं काम.

दुसऱ्या दिवशी सात मुलं नेहमीच्या वेळेला, म्हणजे सव्वादहाला आली. आत बाकीच्यांचा शेवटचा तास चाललेला. सातजणांत एक मुलगी होती, आजीचं बोट धरून पायी आलेली. त्या दिवशी परिपाठात सुविचार सांगायची पाळी तिची होती. विसरू नये म्हणून तिने तो तळहातावर पेनने लिहून आणला होता, आणि येईपर्यंत घामाने त्याची निळी रेघ झाली होती. परिपाठ तर सातलाच होऊन गेलेला. ती रडली नाही. हात मिटून मागच्या बाकावर जाऊन बसली. आजीला मराठी येत नाही, मला तेलुगू जेमतेम. मी तिला काय समजावणार होते?

मग मी घरोघरची चौकशी केली. ३८ घरांपैकी २२ घरांत फोन एकच, तो वडिलांकडे. वडील यंत्रमागावर, त्यातले निम्मे रात्रपाळीला. ९ आयांकडे स्वतःचा फोन आहे. ४ घरांत तो मोठ्या भावाच्या हातात असतो. ३ घरांत फोनच नाही. सातजणांपैकी चौघांच्या वडिलांनी निरोप वाचला होता, पण मागाच्या खडखडाटात वाचला आणि घरी येईपर्यंत डोक्यातून गेला. त्यांना मी दोष देत नाही. चूक माझी आहे. निरोप टाकला म्हणजे पोचला असं मी धरून चालले.

घरची भाषा म्हणाल तर २१ मुलांची तेलुगू, ५ जणांची कन्नड, तिघांची उर्दू. मराठी फक्त ९ घरांत. आणि बऱ्याच आया विड्या वळतात, त्यांना लिहिलेलं वाचता येत नाही.

निरोप पोचवणं एवढाच प्रश्न असता तर मी काहीतरी केलं असतं. पण या निमित्ताने जाणवलं की वर्गात वर्षभर काय चाललंय, पोरगी भागाकारात कुठे अडलीय, पोरगा आता न अडखळता वाचतो, यातलं घरी कुणाला काहीच माहीत नाही. तुमच्याकडे कसं करता? जे खरंच केलंय आणि चाललंय तेच सांगा.

---

मंगळवेढ्याकडचे गुरुजी

बाई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, १९ वर्षं झाली. आमच्याकडे माग नाही, ज्वारी आहे. काढणीच्या दिवसांत गावात दुपारी माणूस सापडत नाही, फोन रानात असतो आणि तिथे रेंज नसते. तेव्हा दुखणं तेच.

मी निरोपासाठी फोनवर विसंबणं सोडलं आणि निरोप मुलांच्याच हाती दिला. प्रत्येकाची एक चाळीस पानी वही, तिचं नाव ‘निरोप वही’. शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं वर्ग थांबतो. फळ्यावर मी एकच ओळ लिहितो: उद्या काय आहे. ती सगळे उतरवून घेतात. दुसरी ओळ ज्याची त्याने लिहायची: आज मला काय नवीन आलं. तिसरीच्या मुलाला एवढं लिहिता येतं. ज्याला येत नाही तो चित्र काढतो.

आता मुद्द्याचं सांगतो. मी घरच्यांची सही मागत नाही. पहिल्या वर्षी मागितली होती. निम्म्या सह्या पोरांनीच केल्या, आणि ज्या आईला सही येत नाही तिची मान उगाच खाली गेली. त्याऐवजी सकाळी हजेरी घेताना विचारतो, ‘वही कुणाला वाचून दाखवलीस? ते काय म्हणाले?’ ‘आजी म्हणाली, आमच्या वेळी पायलीनं मोजायचे,’ असं उत्तर आलं की समजायचं, निरोप पोचला. उत्तर आलं नाही तर वाचलं नाही हेही लगेच कळतं. पोर खोटं बोलून बोलून किती दिवस बोलेल? आणि मुख्य म्हणजे आईला वाचता येत नसलं तरी काही अडत नाही, कारण वाचणार पोरगं असतं. त्याचंही वाचन होतं ते वेगळंच.

आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. मलाही त्या कामाचा फार अभिमान आहे, आमच्याकडेही आम्ही ते वापरतो. पण त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट वेगळी आहे. मुलं घरी कन्नड बोलणारी होती, म्हणून त्यांनी कन्नड शिकून घेतली. तुमच्या वर्गात २१ घरं तेलुगू आहेत, बाई. पन्नास वाक्यं शिका. पोरंच शिकवतील, आणि आनंदाने शिकवतील.

---

विडी कामगाराची लेक

बाई, तुमचं वाचून मला राहवलं नाही. मी तुमच्या त्या आजीच्या बाजूने लिहिते.

माझी आई चाळीस वर्षं विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली पानं. आम्ही भावंडं शाळेतून आलो की विड्यांची तोंडं बंद करून द्यायचो, कट्टे बांधायला मदत करायचो. सकाळी ती कारखान्यात माल द्यायला जायची. आता मी एका दवाखान्यात नर्स आहे.

शाळेतून चिठ्ठी आली की आईचा चेहरा बदलायचा. तिला वाचता येत नव्हतं, पण एवढं पक्कं ठाऊक होतं की शाळेतून काही आलं म्हणजे काहीतरी मागायला आलं. पैसे, दाखला, फोटो, नाहीतर मग तक्रार. म्हणून ती चिठ्ठी सुपाखाली सरकवायची आणि म्हणायची, ‘बाबा येऊ दे.’ बाबा रात्री दहाला यायचे. तोवर चिठ्ठी तंबाखूने माखलेली असायची. मला सकाळी शाळेत जायची लाज वाटायची, म्हणून मी पुढे चिठ्ठ्या घरी द्यायचंच सोडलं. लेकरू निरोप दडवतं ना, ते बऱ्याचदा आईला वाचवायला दडवतं. हे शिक्षकांना कुणी सांगत नाही म्हणून सांगते.

सभेचं म्हणाल तर दिवसा अकराची सभा म्हणजे त्या दिवशीच्या दोनतीनशे विड्या गेल्या. हाताला जेवढी विडी तेवढीच मजुरी. तेवढं सोडून यायचं आणि तिथे काय, तर रांगेत उभं राहून रजिस्टरवर अंगठा, ‘लक्ष द्या जरा मुलीकडे’ एवढं ऐकायचं आणि परत. आई दोनदा गेली, तिसऱ्यांदा गेली नाही. मग शाळेत म्हणायला मोकळे की हिच्या आईला पर्वा नाही.

एकदाच वेगळं झालं. मी चौथीत असताना आमच्या बाई घरी आल्या. पावसाळा होता. उंबऱ्यात चप्पल काढली आणि सरळ आईच्या शेजारी पानांच्या पोत्यावर बसल्या. हातात माझी वही. मी काढलेलं गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचं चित्र उघडून आईला दाखवलं, त्यातले मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे सात नंदीध्वज बोटाने मोजले आणि म्हणाल्या, ‘बघा, सातही बरोबर काढलेत. पोरगी नीट बघते. हिला शिकवा.’ चहा घेतला आणि गेल्या. मागितलं काहीच नाही. आई त्या दिवशी बराच वेळ वळायची थांबली होती. मला सातवीनंतर घरी बसवायचं चाललं होतं, तेव्हा आईने बाबांना तेच वाक्य ऐकवलं. ‘बाई म्हणाल्या, पोरगी नीट बघते.’

तर बाई, तुमच्या ग्रुपवर वर्षभरात काय काय गेलं ते एकदा वर सरकवून बघा. किती निरोप मागायचे होते आणि किती सांगायचे, ते मोजा. आणि एक विनंती, ग्रुपवर नाव घेऊन कुणाचं बाकी काढू नका. ‘अमुकचं आधार आलं नाही’ हे चाळीस घरं वाचतात. ज्याच्या घरात वाचता येत नाही त्याला शेजारीण येऊन सांगते. ते फार लागतं.

---

जुळे सोलापूरचा पालक

थोडं फोनपुरतं सांगतो, बाकी वरच्या दोघांनी छान सांगितलंय.

आमच्या मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा इतक्या असतात की शाळेचा निरोप त्यात बुडून जातो. सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनच मेसेज पाठवेल असं करून टाका. ब्रॉडकास्ट लिस्टचा सल्ला कुणी दिला तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. तुमच्याकडे निम्म्यांनी केलेला नसणार, आणि न गेल्याचं तुम्हाला कळणारही नाही. लिहिण्यापेक्षा आवाजात पाठवा, पण अर्ध्या मिनिटाच्या आत. महत्त्वाचं पहिल्याच वाक्यात.

वर्गातले फोटो टाकताना मुलांचे चेहरे नकोत. वहीचा, फळ्याचा, हातांचा फोटो चालेल. ग्रुपवर कोण कोण आहे, फोन कुणाच्या हातात जातो, आपल्याला ठाऊक नसतं.

---

निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर

बाईंना आधी एक सांगतो. ही चूक तुम्ही स्वतःची म्हणालात, तिथेच अर्धं काम झालं. मी ३३ वर्षांत पुष्कळ शिक्षकांकडून ‘पालकच बेफिकीर’ हे ऐकलं आणि सुरुवातीला स्वतःही म्हणत असे.

पालकांना कळवत राहणं हा काही शिक्षकाचा मोठेपणा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यात पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्याची प्रगती त्यांना सांगायची, असं स्पष्ट लिहिलंय. त्याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. तुमच्या समितीत तेलुगू बोलणारी एखादी आई असणारच. सभेच्या दिवशी सहीपुरती तिला बोलवू नका, तिला दुभाषी करा. तिचा मान वाढेल आणि तुमचं काम होईल. लहान मुलांना वाचन आणि गणित यावं म्हणून जे सरकारी निपुण अभियान आहे, त्यात माता पालक गट केले आहेत, तेही कागदावरून उतरवून गल्लीत आणा. एका गल्लीतल्या पाचसहा आया, त्यांतली एक वाचणारी. सकाळच्या शाळेचा निरोप त्या एकीला गेला असता तर तुमची सात मुलं वेळेवर आली असती.

प्रगतिपुस्तकाचं बोलतो. २०१० पासून आपण आकारिक (शिकता शिकता होणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन करतो, श्रेणी देतो, वर्णनात्मक नोंदी लिहितो. १ मेला ते पुस्तक घरी जातं. ‘ब-१’ म्हणजे ७१ ते ८० टक्के हे किती घरांत ठाऊक असतं? एका वडिलांनी मला विचारलं होतं, ‘सर, ब म्हणजे नापास का?’ पोराला त्यांनी मारलं होतं. ब-१ ला! त्या दिवसापासून मी नुसतं पुस्तक हातात दिलं नाही. शेजारी बसून दोन वाक्यं तोंडी सांगायची: हे येतं, हे अजून यायचंय. वर्णनात्मक नोंदीही ‘प्रगती समाधानकारक’ अशा लिहू नका. ‘हातच्याची वजाबाकी करतो, पण शून्य आलं की अडतो’ असं लिहा. हे वाचून दाखवलं की आईला कळतं, मोठ्या भावालाही कळतं, आणि सुट्टीत कशावर बसवायचं तेही कळतं.

निरोप वहीचं मला पटतं, पण रोज ३८ वह्या तपासायला घेऊ नका. दमाल आणि पंधरा दिवसांत सोडून द्याल. रोज आठ बघा.

आणखी एक, हे कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पालकांइतकंच मुलांनाही कळवायला हवं. मी तरुण असताना बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर गेलो, वर्गाला न सांगता. परत आलो तर एक मुलगा शाळेतच येत नव्हता. घरी गेलो तर म्हणाला, ‘तुमची बदली झाली म्हणले.’ आठ वर्षांच्या पोराने दोन दिवस ते मनात धरून ठेवलं होतं. तेव्हापासून फळ्याचा डावा कोपरा मी कधी पुसू दिला नाही. तिथे आज काय, उद्या काय, कोणते सर कधी नाहीत, चाचणी कधी, हे मुलांना दिसेल असं लिहिलेलं असायचं. उद्याचा दिवस कसा जाणार हे ठाऊक असलेलं मूल घरी आपण होऊन सांगतं.

---

तिसरीच्या बाई, सोलापूर

तीन आठवडे झाले. सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ताई, तुम्ही म्हणालात तसा ग्रुप वर सरकवून बघितला. शेवटचे चाळीस निरोप मोजले. त्यातले तेहेतीस मागायचे होते. आधार, बँकेचं पासबुक, फोटो, गणवेशाचं माप, पुन्हा आधार. पाच सुट्टीचे. वर्गात काय शिकवलं याचे दोन. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

निरोप वही सुरू केली. रोज आठच बघते, सरांनी सांगितलं म्हणून. पहिले चार दिवस ‘कुणाला वाचून दाखवलीस?’ याला सगळा वर्ग ‘आईला’ एवढंच म्हणायचा. पाचव्या दिवशी एक मुलगा उभा राहिला. आम्ही आदल्या दिवशी अर्धा आणि पाव शिकलो होतो. म्हणाला, ‘आईनं कडक भाकरी मोडली बाई, आणि म्हणाली, हे बघ पाव. पण एक तुकडा मोठा झाला. मी म्हणलो, मग हा पाव नाही.’ वर्ग हसला, मी हसले, आणि त्या दिवशीचा गणिताचा तास त्याच तुकड्यावर झाला. समान भाग म्हणजे काय हे मी तीन तास घेऊन सांगत होते, ते तिच्या हातून मोडलेल्या भाकरीने सांगितलं.

तेलुगूची पन्नास नाही, पंधरा वाक्यं झाली आहेत. शिकवणारी तीच, तळहातावर सुविचार लिहून आणलेली. मी ‘रेपु पोद्दुगाल बडि’ (उद्या सकाळची शाळा) म्हणते आणि ती मान हलवून पुन्हा म्हणायला लावते. तिची सुविचाराची पाळी मी दुसऱ्या दिवशीच लावली होती. आजी फाटकाशी थांबून ऐकत होती.

आवाजी निरोप पाठवते. मराठीत मी बोलते, तेलुगूत समितीतली एक आई बोलते, कन्नडमध्ये चौथीतला एक मुलगा. मागच्या गुरुवारी एका गल्लीत गेले होते. दारात बसून वर्गातल्या एका मुलाची आई विड्या वळत होती, हात तंबाखूने भरलेले. शेजारच्या पोरीने फोन तिच्या कानाला लावून धरला होता आणि त्यातून माझाच आवाज येत होता. मी उभीच राहिले. ऐकून झाल्यावर तिने वर बघितलं आणि म्हणाली, ‘बाई, हे तर तुम्हीच की ओ!’ मग आत जाऊन शेंगाचटणीची पुडी घेऊन आली. मी काही मागायला आले नव्हते, हे तिला आधी सांगितलं आणि मगच बसले.

सगळं जमलंय असं नाही. फोन नसलेल्या तीन घरांपैकी एक घर अजून सुटतंच. वडील एकटे आहेत, पहाटे जातात, रात्री येतात. मुलगा वही वाचून दाखवायला शेजारच्या दुकानदाराकडे जातो. तो दुकानदार ऐकतो म्हणे, आणि रात्री वडिलांना सांगतो. त्याला मी अजून भेटलेले नाही. भेटायला जायचंय.

निकालाच्या आधी पालकसभा घ्यायचं ठरवलं आहे, पुस्तकात काय लिहिलंय ते आधीच बसून सांगायला. वर्गात नाही, गल्लीतल्या मंदिराच्या ओट्यावर, संध्याकाळी सातला. आयांना म्हटलं, सूप घेऊन या, वळत वळत बोलू. मी सोमवार म्हणत होते. त्यांनी सांगितलं, सोमवारी नळाला पाणी आहे, कुणी येणार नाही. मग मंगळवार धरला. मुलांनी तो आज फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहून घेतलाय.